ड्रॉवरातलं मंगळसूत्र

सत्यवानची बायको भर मासळीबाजारात एका धडधाकट जिवंत माणसासाठी रडायला लागली, तेव्हा सत्यवान तिच्यापासून हाकेच्या अंतरावर, बर्फाच्या पेट्यांच्या आड उभा होता. हातात बांगडे भरलेली पिशवी, पिशवीतून पाणी ठिबकून चपलेत जात होतं. सावित्रीने समोरच्या पोरीला आधी ओळखलंच नाही. मग ओळखलं. मग तिची नजर पोरीच्या मोकळ्या कपाळावरून मोकळ्या गळ्यावर उतरली, आणि हातात उचललेली सुरमई पाटीत टाकून ती पुढे झाली. "अगो बाय माझे, ह्या काय झाला गो? कधी झाला?" एवढंच म्हणाली आणि तिने पोरीला कवटाळलं. पोरगी म्हणजे संचिता, सत्यवानच्याच पोलीस ठाण्यातली कॉन्स्टेबल. तिचा नवरा सर्वेश एसटीत चालक, आणि या घटकेला तो बहुधा गाडी घेऊन घाट चढत असणार. ही गोष्ट अख्ख्या बाजारात दोघांनाच ठाऊक होती, एक सत्यवान, दुसरी खुद्द संचिता. आणि दोघांनाही तोंड उघडायची सोय नव्हती, कारण संचिताच्या दंडाला धरून तुळसा म्हातारी उभी होती.

नाव घेऊ नको, सत्यवान मनात म्हणत होता. काय वाटेल ते कर, पण तिचं नाव घेऊ नको. तुळसाच्या घरी ही पोरगी संचिता नव्हती, मथुरा होती. घाटाखालच्या गावातली, नवरा गेलेली, पोटासाठी कामाला आलेली मथुरा. तुळसाचा मुलगा चंदन याचं खाडीपलीकडे होमस्टे. गेल्या मे महिन्यात तिथे उतरलेला पुण्याचा एक पोरगा कसलीशी पूड ओढून खाडीत उतरला तो परत आला नाही. पूड त्याच घरातून मिळते हे सगळ्यांना माहीत, आणि दोनदा धाड टाकून हाती काही लागलं नव्हतं, कारण जीप पूल ओलांडायच्या आधी चंदनला बातमी पोचत होती. छोटं ठाणं, एक जीप, हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी माणसं, आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी मेव्हणा खाडीपलीकडे. म्हणून सत्यवानने ठाण्यात कोणालाच काही न सांगता, वरच्या साहेबांच्या कानावर घालून, संचिताला त्या घरात शिरवलं होतं. ठाण्यात सांगितलं, पोरगी ट्रेनिंगला गेली आहे. कोणाला म्हणजे बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता ती बायको त्या पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि सत्यवानला पुढे जाऊन तिला ओढून आणताही येत नव्हतं, कारण त्याचा चेहरा तुळसाला दोन धाडींपासून चांगला पाठ होता. नशीब एवढंच की सावित्रीला नावं लक्षात राहत नसत. जानेवारीत पोलीस लाइनीच्या हळदीकुंकवाला संचिता नवी नवरी म्हणून आली होती, तेव्हाही सावित्री तिला 'बाय'च म्हणाली होती. जगातल्या सगळ्या तरण्या पोरी तिला बाय. या सवयीवरून तो तिला किती चिडवायचा.

संचिता क्षणभर ताठ झाली. ती मिठी सोडवून घेईल, काहीतरी भलतंच बोलेल असं सत्यवानला वाटलं. तिने सावित्रीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. खरोखर रडली, खांदे हलत होते. मग डोळे पुसून तुळसाला म्हणाली, "आजी, ह्येंच्याकडे मी कामाक होतंय पयली. धुणीभांडी." सावित्रीने चमकून तिच्याकडे पाहिलं, पण तुळसाने तेवढ्यात स्वतःच्या पदराने सावित्रीचेच डोळे टिपले. "रडा नको, बाय," म्हातारी म्हणाली. "आमी दोघी आसंव मां एकमेकींका." तिघी बायका गर्दीच्या मधोमध उभ्या होत्या आणि कोळणी आपापल्या पाट्या जरा मागे ओढून त्यांना जागा करून देत होत्या. सत्यवान पेट्यांच्या मागच्या मागे सटकला आणि मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिला. 

घरी येताना सावित्री पाठीमागे बसून हुंदके देत होती आणि तिचं कपाळ त्याच्या पाठीला टेकलं होतं.  ती बोलली असती तर बरं झालं असतं. गाडीच्या आवाजात सत्यवानला आपली आई आठवायला लागली, आणि हे काही आज पहिल्यांदा होत नव्हतं; संचिताला पाठवल्यापासून आवस रोज कधी ना कधी येऊन उभी राहायची. तो शाळेत असताना त्याचा बाप गेला. त्याआधी आवशीबरोबर बाजारात जायचं म्हणजे पावलापावलाला थांबणं. कुणाची गो तू, खंयच्या वाडीतली, माहेर खंय, अमक्याची कोण लागतंस? आपल्याकडे माणूस भेटला की त्याची सात घरं खणून काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. बाप गेल्यावर आवस पहिल्यांदा बाजारात गेली आणि तो बरोबर होता. कोणी काही विचारलं नाही. बायका बोलता बोलता थांबायच्या, बाजूला सरायच्या, दुकानदार खाली मान घालून माल बांधून द्यायचा. लहानपणी त्या शांततेचा त्याला भयंकर राग आला होता. मोठेपणी, पोलीस झाल्यावर, खाडीपलीकडच्या त्या घरात माणूस कसा घुसवायचा याचा विचार करत बसला असताना, ती शांतता त्याला आयती सापडली. तरणा पुरुष पाठवला तर चंदन त्याचं कूळमूळ विचारणार. लग्न झालेली बाई पाठवली तर तुळसा तिचा नवरा कुठे म्हणून विचारणार. घोव गेलेल्या बाईला मात्र कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. स्वतःच्या आवशीचा मोकळा गळा आपण कामाला लावतोय हे त्याला तेव्हा कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं, आणि त्याने ते बाजूला सारलं होतं.

संचिता नाही म्हणाली नव्हती. ती हुशार, धीट पोरगी. केबिनमध्ये उभ्या उभ्या तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. "सर, आता विधवा बायकाही टिकली लावतात की. गावागावांत ठराव झालेत." तो म्हणाला, "तुळसा लावत नाही. तुला तिला पटवायचंय." मग तिने मान वर करून मानेमागे हात नेले. सत्यवान खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याला वाटलं होतं, दागिना आहे, काढायचा आणि ठेवायचा, जोखीम तर वर्दी काढण्यात आहे. तिने ते मंगळसूत्र रुमालात ठेवलं, पर्समधून कागदाच्या पुडीतले चार तांदूळ काढून त्यावर घातले (तांदूळ घेऊनच आली होती, म्हणजे घरी बोलणं झालेलं होतं) आणि गाठोडं त्याच्या पुढ्यात ठेवलं. "सासूबाईंनी सांगितलंय, उघड्यावर ठेवू नका." सर्वेश बाहेर बाकावर बसला होता. आत आला, टेबलावरच्या गाठोड्याकडे बघून हसला. "साहेब, मी जितो आसंय, एवढा ध्यानात ठेवा." तिघेही हसले होते. सत्यवानने गाठोडं ड्रॉवरात, शिक्क्याच्या डबीशेजारी ठेवलं. तेव्हापासून शिक्का काढायला ड्रॉवर ओढला की ते पुढे सरकून यायचं आणि तो ते बोटाने मागे ढकलायचा. दिवसातून किती वेळा शिक्का लागतो ठाण्यात! हळूहळू तो शिक्क्याची कामं शिवा हवालदाराकडे द्यायला लागला.

घरी आल्यावर सावित्रीने डोक्यावरून आंघोळ केली. बांगडे तसेच पिशवीत. ओले केस सोडून ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली आणि मग तिचं तोंड सुटलं. "तुमच्या हाताखालचा चेडू. तेचो घोव गेलो. आणि तुमी माका सांगूक नाय?" सत्यवानने पिशवी मोरीपाशी ठेवली. "बरा, माका नाय सांगलात. पण ता धुणीभांडी करता! पोलिसातली पोर धुणीभांडी करता! नोकरीवरसून काढलात तिका?" तो म्हणाला, तसं काही नाही. "मगे कसा?" तो म्हणाला, नंतर सांगतो. "तुमका काळीज आसा काय नाय?" असं तिने विचारलं, आणि विचारलं ते भांडणाच्या सुरात नव्हे, खरंच माहिती हवी असल्यासारखं.  तो बांगडे साफ करायला बसला. आयुष्यात पहिल्यांदा.

सावित्रीने तेवढ्या वेळात शेजारच्या आकांक्षाला हाक मारून सांगितलं होतं, आकांक्षा ही शिवा हवालदाराची बायको, आणि दोघींचं ठरलंही होतं की उद्या पहिल्या गाडीने वैभववाडीला, संचिताच्या सासरी, भेटायला जायचं. चहापूड, साखर काढून ठेवली. सासू म्हातारी आहे म्हणतात, तिच्याजवळ बसायला हवं. सत्यवानच्या हातातला कोयता थांबला. त्याला दिसलं ते असं: या दोघी त्या घराच्या पायऱ्या चढताहेत, पदर डोळ्याला लावलेला, आणि दारात सर्वेश बनियनवर चहा पितोय. हसू येण्याजोगं होतं, पण त्याला हसू आलं नाही. दुसरं चित्र आणखी वाईट होतं. शिवाला आज कळणार. शिवाला कळलं की ठाण्याला कळणार, संचिताचा नवरा गेला आणि ती मालवणच्या बाजारात एका म्हातारीबरोबर दिसली. कोण म्हातारी? आणि ठाण्यात जे कोणी चंदनला बातमी पोचवत होतं, त्याला दोन आणि दोन जोडायला किती वेळ? त्या घराच्या मागच्या पायऱ्या थेट खाडीत उतरतात. पुण्याचा पोरगा तिथूनच गेला होता. संचिताकडे फोन नव्हता, तिचा फोन दुसऱ्या ड्रॉवरात बंद होता. तिने निरोप द्यायची एकच रीत ठरली होती. माल घरात आला की अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पुलावरून दिसेल अशी, एक टोपली पालथी घालायची. आणि त्याने तिला निरोप द्यायची रीत? ती ठरवायची राहूनच गेली होती. तिला कधी घाईने बाहेर काढावं लागेल असं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कोणीतरी संशय घेईल, मारहाण करेल, पळून यावं लागेल हा विचार केला होता. तिच्या गळ्यात पडून कोणी रडेल हा विचार केला नव्हता.

त्याने हात धुतले, मागचं दार लावलं आणि बायकोला खरं सांगितलं. सगळं. चंदन, पूड, खाडीतला पोरगा, मथुरा, ड्रॉवर. सावित्री ऐकत राहिली. तो धरून चालला होता की तिला हायसं वाटेल, ती देवापुढे दिवा लावील. ती उठली नाही. तिच्या केसांतून पाणी निथळून उंबऱ्यावर ओल धरली होती. "म्हणजे तेका कायच झाला नाय," ती म्हणाली. "नाय." "आणि मी भर बाजारात त्या पोरीक घोव गेल्याचा रडान घातलंय. लोकांदेखत. जित्या माणसाचा." सत्यवान म्हणाला, तुला माहीत नव्हतं. "माका नव्हता. तुमका होता मां?"  मग ती म्हणाली, "मी गप ऱ्हवतंय. आकांक्षाक सांगतंय, त्या चेडवानच हात जोडून सांगल्यान, एवढ्यात कोणाक बोला नको, घराक येव नको. बायकांचा ता बायका पाळतत. पण एक आयका. तिका थयसून बाहेर काढशात तेव्हा पयला ता तिच्या गळ्यात. मगे तुमचे चोर." आणि ती आकांक्षाकडे गेली. भिंतीपलीकडून सत्यवानला तिचं रडणं ऐकू आलं, मघाच्याइतकंच खरं. त्या भिंतीला टेकून तो उभा राहिला आणि त्याला कळलं की आता या कामावर दोन बायका आहेत.

त्यानंतर तो रोज सकाळी पुलावरून गाडी नेऊ लागला. काही कामच नव्हतं पलीकडे. गाडी वळवून परत यायचा. गडग्यावर कधी गोधडी, कधी मासे वाळत टाकलेले, टोपली नाही. एकदा संचिता अंगण झाडताना दिसली. तिने वर पाहिलं नाही, आणि ते तिचं कामच होतं, तरी त्याला वाटलं की तिने वर न पाहण्यात काहीतरी वेगळं होतं. तुळसा पडवीत बसून तिच्याशी बोलत होती, आणि संचिता हसत होती. काढावं का तिला? माल आला नाही तर सगळी मेहनत पाण्यात. तो पोरगा खाडीत गेला तो गेलाच, आणि पुढच्या मे महिन्यात आणखी एखादा. पण काढली नाही आणि काही झालं तर सर्वेशला काय सांगणार? सर्वेश हसत म्हणाला होता, ध्यानात ठेवा. ठाण्यात शिवा एकदा टेबलाशी घुटमळला, काहीतरी विचारणार तेवढ्यात त्याने सत्यवानच्या तोंडाकडे पाहिलं आणि खाली मान घालून गेला. तीच ती शांतता. शाळकरी वयात तिचा राग आला होता, आता ती त्याच्या उपयोगी पडत होती, आणि सत्यवानला स्वतःची किळस आली.

मग एका सकाळी टोपली दिसली. गडग्याच्या टोकाला, पालथी, वर एक दगडही ठेवलेला, वाऱ्याने उडू नये म्हणून. त्याने शिवाला आणि इतरांना जीपमध्ये बसवलं, सगळ्यांचे फोन काढून घेतले आणि पूल येईपर्यंत कुठे जायचंय ते सांगितलं नाही. निघताना ड्रॉवर ओढला. गाठोडं आपणहून पुढे सरकून आलं. ते त्याने वरच्या खिशात घातलं.

चंदन अंगणात दात घासत होता. पळाला नाही, मागच्या दोन वेळांसारखंच होईल असं त्याला वाटलं असावं. "बघा साहेब, खंय बघूचा ता बघा," असं म्हणून तो हसला सुद्धा. संचिता स्वयंपाकघरातून बाहेर आली, पदर खोचलेला, आणि सरळ माजघरात भाताच्या कणगीपाशी जाऊन उभी राहिली. तिने बांबूचं झाकण काढलं. वरती हातभर भात, खाली डबे. चंदनचं हसू गेलं. शिवाने त्याच्या हातात बेड्या घातल्या तेव्हा तो आईकडे बघत होता. पडवीतल्या खांबाला टेकून तुळसा बसली होती, हलली नव्हती.

"तुला कणगी कशी कळली?" सत्यवानने हळू विचारलं. संचिताने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आजींनी सांगितलं. बाजारातून आलो त्या दिवशी. सावित्रीकाकू रडल्या ना, त्यानंतर त्यांनी मला जवळ बसवलं. त्यांचे यजमान गेले तेव्हापासूनचं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, झील आता माझ्याच कणगीला मला हात लावू देत नाही, आत भात नावालाच वरवर, खाली त्याचे कसले डबे असतात. त्यांना काही माहीत नव्हतं, सर. मन मोकळं करत होत्या." ती थांबली. "मला त्यांनी रोज आपल्या ताटातला मासा काढून वाढला." सत्यवानला तिला शाबासकी द्यायची होती. त्याने ती आधीच मनात जुळवून ठेवली होती, पण तो अंगणाकडे वळला.

अंगणात येऊन त्याने खिशातून गाठोडं काढलं. "सर, आता नको," संचिता म्हणाली, "पंचनामा व्हायचाय." तो म्हणाला, "आधी घाल." मंगळसूत्राचा फासा नीट बसेना. रुमालातले तांदूळ अंगणातल्या सारवणावर पडले. तुळसा उठली. शिवा मध्ये येऊ लागला, त्याला सत्यवानने खुणेने थांबवलं. म्हातारी शिव्या घालील, तळतळाट देईल, पोरीच्या तोंडात मारील. मारू दे, त्याला वाटलं, मलाही मारू दे, तेवढ्याने तरी काहीतरी फिटेल. तुळसा संचिताच्या अगदी जवळ आली. बारीक वस्तू नीट दिसत नसत तिला. तिने त्या वाट्या दोन बोटांत धरून डोळ्यांपाशी नेल्या.

"खरा आसा ह्या?"

"होय, आजी."

"म्हणजे घोव जितो आसा तुझो?"

 तिने मान हलवली.

"बरा झाला, बाय," तुळसा म्हणाली. "माका तुझ्या काळजीन झोप नव्हती." आणि मग ती घरात गेली. सगळे उभे होते. जीपमध्ये चंदनने मान खाली घातली होती. म्हातारी बाहेर आली ती एक नारळ घेऊन, सोललेला, शेंडी ठेवलेला. तो तिने संचिताच्या पदरात घातला नाही. पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. "घरातसून सवाष्ण मोकळ्या ओटयेन जाता नये. माझ्या हातान चलाची नाय. ती बाजारातली बाय आसा मां, रडली ती, तिका सांग भरूक." एवढं बोलून ती पुन्हा खांबाला टेकून बसली. संचिता तिथेच, मुठीत मंगळसूत्र धरून उभी राहिली.

शिवाने नारळाकडे बघितलं, मग साहेबाकडे. "साहेब, ह्यो मुद्देमालात घेवचो?" सत्यवान नाही म्हणाला. त्याने वाकून नारळ उचलला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसला. पूल येईपर्यंत तो त्याच्या मांडीवर होता. मागच्या बाकावरून चंदन त्या नारळाकडे बघत होता.